एक लाख एकाहत्तर हजार चारशे

रुस्तावीच्या गाडीबाजारात
विकणाऱ्याने थुंकी लावून बाहीने मीटर पुसलं:
चौऱ्याण्णव हजार. बघा ताई, अजून हळद उतरलेली नाही.
राखाडी ओपेल, जर्मनीहून जहाजाने आलेली,
दारावर एक ओरखडा, आत कुत्र्याचा वास.
मी पैसे मोजले. त्यानेही मोजले, दोनदा.

पुस्तिका सापडली तीन आठवड्यांनी,
ओनीच्या वरच्या वळणावर स्टेपनी काढताना,
जॅकखाली, तेलकट प्लास्टिकमध्ये.
भाषा मला येत नाही.
पण पानोपानी एक शिक्का, एक तारीख, एक आकडा
आणि निळ्या शाईत तीच सही: ह. ब्रेमर.
ऑक्टोबर. ऑक्टोबर. ऑक्टोबर.
ऑइल, फिल्टर, ब्रेक
(बाजूला छोटी चित्रं आहेत, तेवढी कळतात).
एका वर्षी मात्र डिसेंबर,
आणि सही ओळ सोडून खाली घसरलेली.
त्या वर्षी घरात काय झालं होतं
ते लिहायला पुस्तिकेत रकाना नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा ऑक्टोबर.

शेवटची नोंद: एक लाख एकाहत्तर हजार चारशे.

मी मीटरकडे पाहिलं.
शहाण्णव हजार दोनशे, ते म्हणालं,
डोळ्याची पापणी न लवता.

तामाझला दाखवलं. त्याला नवल वाटलं नाही.
"इथे येणाऱ्या सगळ्याच गाड्या वाटेत तरुण होतात,
समुद्राची हवा मानवते त्यांना."
मी विचारलं, तुझ्या मिशा किती हजारांच्या?
तेव्हा हसला, आणि काळं बोट पुसून
पुढच्या ओळीवर ठेवलं:
एक लाख ऐंशी हजार. टायमिंग बेल्ट.
चौकोन रिकामा.

मीटर खरं मानलं तर अजून कितीतरी वर्षं.
ब्रेमर खरा मानला तर हे उंबऱ्यावर आलेलं,
आणि शेवटच्या सहीनंतर कोण, कुठे, किती फिरलं
याचा तर पत्ताच नाही.
बेल्टचे पैसे म्हणजे माझ्या दीड महिन्याच्या औषधफेऱ्या.
"कुणाचं ऐकायचं?" तामाझने विचारलं,
पाना हातात धरून.

न पाहिलेल्या माणसावर
मी एवढा विश्वास आधी एकदाच टाकला होता,
आणि ते लग्न चार वर्षं टिकलं.
तरी म्हटलं, उघड.

झाकण निघालं.
बेल्टला चिरा, थंडीत टाचांना पडतात तशा,
दोन दाते जागेवर नाहीत.
"अजून एक चढ," तामाझ म्हणाला,
आणि वाक्य तिथेच ठेवून नवा बेल्ट आणायला गेला.
मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात
गेबीच्या लामाराबाईंचं इन्सुलिन होतं.
मी डबा सावलीत नेऊन ठेवला
आणि नदीकडे पाठ करून बसले.

संध्याकाळी त्याने विचारलं,
मीटर नीट करून देऊ? ओळखीचा एक पोरगा आहे.
नको म्हटलं. रोज तेवढंच खोटं बोलतंय ना,
मग चालेल. मी मिळवून घेईन.

ब्रेमरच्या खालच्या ओळीत
माझ्या लिपीत, माझ्या पेनाने लिहिलं:
बेल्ट बदलला. एतेरी.
शिक्क्याच्या गोलात काय घालायचं?
तामाझकडे शिक्का नाही, पाटीही नाही,
गॅरेज म्हणजे अक्रोडाखाली खणलेला एक खड्डा.
त्याने अंगठा ग्रीसमध्ये बुडवून उमटवला.
गोलाच्या थोडा बाहेर गेला.

पैसे निम्मे दिले, निम्म्याचं चीज देणार आहे.
कूलंट ऑक्टोबरात.
कुत्र्याचा वास अजून आहे,
पावसात जास्त येतो.